शाराकूचा एदोबेई: प्रिंट टोक्योची, चौकट नाशिकची

काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यातल्या नटाचं चित्र घरात लावायचं म्हटलं तर आज तीन प्रकारचा माल मिळतो. एक म्हणजे आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांतून येणारं, कॅनव्हासवर किंवा चकचकीत कागदावर छापलेलं पोस्टर. दुसरा प्रकार जपानी कारागिरांच्या पुनर्छपाईचा. ते आजही चेरीच्या लाकडी फळ्या नव्यानं कोरून हातानं छापतात. तिसरा म्हणजे एदो किंवा मेइजी काळातली (सतराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतची) मूळ जुनी प्रिंट. इथे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातली एकेक प्रिंट तपासली आहे: शाराकू या जपानी चित्रकाराच्या ‘ओतानी ओनिजी (तिसरा) हा नट, एदोबेईच्या भूमिकेत’ या चित्राची टोक्योतली हातछपाई आणि कुनिसादा या नंतरच्या चित्रकाराची १८५६ सालची एक मूळ प्रिंट. दोन्ही नाशिकमध्ये चौकटीत बसवून घेतल्या, त्यामुळे त्या कामाचंही परीक्षण सोबत आहे. पोस्टरबद्दल एवढंच सांगतो की त्यावर पैसे घालवू नका. या चित्रांची निम्मी करामत कागदाच्या आत असते आणि पोस्टरात नेमका तोच कागद नसतो.

आधी एदोबेई. शाराकूनं १७९४ च्या मे महिन्यापासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम दहा महिन्यांत, १४० हून अधिक चित्रं दिली आणि तो दिसेनासा झाला. प्रकाशक होता त्सुताया जूझाबुरो. पहिल्या फेरीतली २८ चित्रं मोठ्या आकाराची, छातीपर्यंतची आणि मागे गडद अभ्रकाची पार्श्वभूमी असलेली. एदोबेई त्यातलाच. कावाराझाकी नाट्यगृहातल्या नाटकात तो पैसे लुबाडायला आलेला नोकर आहे. हनुवटी पुढे, ओठ घट्ट मिटलेले, डोळे आत वळलेले, आणि अंगरख्याच्या पुढच्या उघाड्यातून बाहेर आलेले दोन पंजे, बोटं फाकलेली. हात शरीराच्या मानानं लहान आहेत आणि ते मनगटाला नीट जोडलेलेही वाटत नाहीत. कित्येकांना ही चूक वाटते. पण हात प्रमाणात काढले असते तर हा माणूस दरोडेखोर न दिसता नमस्कार करणारा दिसला असता. ज्याच्यावर तो चालून जातो त्या इप्पेईचं चित्रही याच फेरीत आहे, इचिकावा ओमेझो या नटाचं. जागा आणि पैसे असतील तर दोन्ही शेजारी लावावीत, कारण ती तशीच पाहण्यासाठी काढली आहेत.

आता छपाई. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन फळीवर उलटं चिकटवतात आणि त्यावरूनच काळ्या रेषांची मुख्य फळी कोरतात. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच संपतं. पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. प्रत्येक ठशावर कागद बसवायला दोन खुणा कोरलेल्या असतात, कोपऱ्यात काटकोनी आणि कडेला सरळ. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. नाशिक रोडला नोटा आणि तिकिटं छापणाऱ्या गावात रजिस्ट्रेशन (एकावर एक रंग नेमके जुळवणं) म्हणजे काय ते कुणाला समजावावं लागणार नाही. फरक इतकाच की इथे यंत्र नाही, कागद ओला आहे आणि तो प्रत्येक वेळी हातानं त्या खुणांना टेकवायचा आहे. कागद फार ओला असेल तर ताणला जातो आणि शेवटचा रंग रेषेबाहेर सांडतो. कमी ओला असेल तर रंग आत शिरत नाही, नुसता वर बसतो. तपासलेल्या प्रतीत बाहीच्या कडेला, कॉलरच्या टोकाला आणि बोटांच्या मधल्या फटींत रंग रेषेला बरोबर टेकलेला आहे. केवळ डाव्या खांद्याजवळ केसभर पांढरी फट दिसते, आणि हातछपाईत तेवढं चालतं.

ही प्रिंट टेबलावर सपाट ठेवा, खोलीतले दिवे घालवा आणि एका बाजूनं टॉर्च अगदी आडवा धरा. अभ्रकाची पार्श्वभूमी समोरून राखाडी दिसते. आडव्या उजेडात तीच चांदीसारखी उजळते आणि नट तिच्यापुढे येतो. नाट्यगृहात तेव्हा खिडक्यांतून येणारा मंद उजेड आणि जोडीला मेणबत्त्या असत, तेव्हा ही योजना कशासाठी ते वेगळं सांगायला नको. अभ्रक एकसारखं बसलंय का हे तपासायची जागा म्हणजे केसांची कड. तिथे पुंजके किंवा रिकामे ठिपके असतील तर काम घाईचं. या प्रतीत कड स्वच्छ आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र थर थोडा पातळ पडलाय.

मग प्रिंट उलटी करा. खरेदीचा निर्णय पाठीमागूनच होतो, म्हणून विक्रेत्याकडे पाठीचा फोटो मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातानं घासलेल्या छपाईत रंग मागे झिरपलेला दिसतो आणि ‘बारेन’च्या गोलसर घासणीच्या खुणा उमटलेल्या असतात. बारेन म्हणजे बांबूच्या सालीची दोरी गुंडाळून केलेली चकती, वरून सालीचंच आवरण. तिचा दाब रंगाला कोझोच्या (कागदी तुतीच्या) लांब तंतूंत ढकलतो. ऑफसेट किंवा इंकजेटच्या कागदाची पाठ कोरी असते. पुढून खात्री करायची असेल तर दहापट भिंग पुरे: चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर यंत्रछपाई, सलग रंगात तंतू दिसले तर ठसा. या प्रतीचा कागद एचिझेन भागातला, जाडसर ‘होशो’ जातीचा. बोटानं हलकेच दाबला तर मऊ वाटतो, वाजत नाही. नोटेवर बोट फिरवलं तर शाई वर आलेली लागते. इथे उलट, रेष कागदात खाली गेलेली असते.

एक इशारा. अशा आधुनिक पुनर्छपाईच्या कडा कापून, कागद चहाच्या पाण्यानं पिवळा करून मूळ म्हणून विकणारे आहेत. मूळ शाराकूच्या चांगल्या प्रती लिलावात काही लाख डॉलरना जातात. तेव्हा पन्नास हजार रुपयांत ‘अस्सल शाराकू’ कुणी देत असेल तर प्रश्नच मिटला. प्रामाणिक पुनर्छपाईच्या कोऱ्या पट्टीत कार्यशाळेचा शिक्का किंवा नाव असतं. ती पट्टी कापू नका, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली) झाकूही नका.

आता कुनिसादा (१७८६–१८६५). नवख्या माणसानं मूळ प्रिंट घ्यायची तर याच्यापासून सुरुवात करावी, असं ठाम मत आहे. त्यानं नटांची चित्रं हजारोंनी काढली, ती तेव्हा स्वस्तात विकली गेली आणि खूप उरली. म्हणून त्याची साधी, एका पानाची प्रिंट आजही उत्तम पुनर्छपाईच्या जवळपासच्या किमतीत मिळते. घोटाळा नावाचा आहे. १८४४ मध्ये त्यानं गुरूचं ‘तोयोकुनी’ हे नाव घेतलं. त्यामुळे विक्रेते त्याच्या प्रिंट नुसत्या ‘तोयोकुनी’ म्हणून लावतात आणि किंमत पहिल्या तोयोकुनीची सांगतात. पहिला तोयोकुनी १८२५ मध्ये वारला. सहीभोवती लांबट, बहुधा लाल, पाकळीसारखी चौकट दिसली किंवा १८५० नंतरचा तारखेचा शिक्का दिसला, तर ती पहिल्याची नव्हे.

शिक्के वाचणं जमतं, आणि ते शिकण्यात एक संध्याकाळ घालवणं अगदी सार्थ आहे. १७९१ पासून सेन्सॉरचा ‘किवामे’ हा एकच गोल शिक्का असे. शाराकूच्या चित्रांवर तोच आहे. १८४२ च्या निर्बंधांत नटांची चित्रं विकायलाच बंदी आली. बंदी हळूहळू सैल झाली, तेव्हा काही वर्षं सेन्सॉर अधिकाऱ्यांच्या नावांचे शिक्के आले, आधी एक, मग १८४७ पासून दोन. १८५२ च्या सुमारास त्यांच्या जोडीला तारखेचा शिक्का आला, त्यात वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा: उंदीर १८५२, बैल १८५३, वाघ १८५४, ससा १८५५, ड्रॅगन १८५६, साप १८५७. त्यातही १८५४ पासून नावं जाऊन ‘आरातामे’ म्हणजे ‘तपासलं’ हा शिक्का आणि तारखेचा शिक्का अशी जोडी दिसते. १८५९ पासून दोन्ही एकाच वर्तुळात येतात. प्राण्यांचं चक्र बारा वर्षांनी फिरतं, त्यामुळे उंदीर १८५२ चा की १८६४ चा हे शिक्क्यांच्या मांडणीवरूनच ठरतं. तपासलेल्या प्रिंटवर ‘आरातामे’ आणि ड्रॅगन वेगवेगळे आहेत, म्हणजे १८५६.

बंदीचा दुसरा परिणाम असा की या काळातल्या बऱ्याच चित्रांवर भूमिकेचं नाव असतं, नटाचं नसतं. नट ओळखायचा तो चेहऱ्यावरून आणि कपड्यावरच्या घराण्याच्या चिन्हावरून. एकात एक बसवलेले तीन चौकोन म्हणजे इचिकावा दांजूरो घराणं. एदोतल्या (आजच्या टोक्योतल्या) गिऱ्हाइकाला नावाची गरजच नव्हती, नाक पाहिलं की पुरे.

ही प्रिंट ओन्नागाताची आहे, म्हणजे स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुष नटाची. १६२९ मध्ये स्त्रियांना आणि १६५२ मध्ये तरुण मुलांना रंगभूमीवर बंदी झाली. पुढे पुरुष नटांना कपाळावरचे केस काढावे लागत, ती जागा झाकायला ते जांभळा रेशमी तुकडा लावत. बालगंधर्वांची स्त्रीवेशातली छायाचित्रं जपणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. दोष याच तुकड्यात आहे: जांभळा उडून तपकिरी-राखाडी झालाय. जुन्या छपाईत जांभळा बहुधा करडईचा लाल आणि एखादा निळा मिसळून करत, आणि करडईचा लाल उजेडात फार लवकर जातो. निळा मात्र ‘प्रशियन ब्लू’ हा रासायनिक रंग आहे, तो १८३० च्या सुमारास जपानी छपाईत रुळला आणि टिकतो. इथेही तो ताजा आहे. कपाळाच्या कडेचे केस भिंगाखाली पाहावेत: एकेक केस लाकडात मागे ठेवून बाकीचं कोरून काढलेलं आहे, आणि कुठेही दोन केस चिकटलेले नाहीत. फळी झिजली की सर्वांत आधी इथल्या रेषा तुटतात, म्हणून आधीची छपाई की नंतरची हे ठरवायची जागा हीच. काळ्या पट्ट्यावर आडवा उजेड टाकला तर घासून चकाकी आणलेली नक्षी उमटते. विक्रेत्याच्या समोरून काढलेल्या फोटोत तिचा मागमूसही नव्हता. बाकी दोष: उजवीकडची कड तीनेक मिलिमीटर कापलेली, खाली किड्याची दोन भोकं, पाठीला जुन्या अल्बमचा कागद. भोकं चालतात. चेहऱ्यातून गेलेली घडी असती तर घेऊ नका असंच सांगितलं असतं.

मागवताना प्रिंट सपाट पाठवायला सांगा. नळीत गुंडाळलेली नको, अभ्रकाची तर मुळीच नको, कारण थराला भेगा जातात. प्लास्टिकच्या पाकिटात, दोन्ही बाजूंना एकमेकांना काटकोनात ठेवलेले नालीदार पुठ्ठे, हे योग्य पॅकिंग. बिलावर ‘वुडब्लॉक प्रिंट, कागद’ आणि सालही लिहून घ्या. कस्टममध्ये कलावस्तू ९७ व्या प्रकरणात येतात आणि शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तूंचं शीर्षक वेगळं आहे. साल नसेल तर साधं छापील सामान म्हणून धरलं जाऊ शकतं आणि पार्सल चौकशीत अडकतं. जुनी प्रिंट परत करण्याच्या भरवशावर घेऊ नका: शंभर वर्षांहून जुनी कलाकृती भारताबाहेर पाठवताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पावसाळ्यात पार्सल आलं तर बंद पाकीटच एक दिवस खोलीत राहू द्या, मग उघडा.

चौकटीचं काम नाशिकच्या जुन्या बाजारपेठेतल्या, देवांच्या तसबिरी बसवणाऱ्या एका दुकानात करून घेतलं. लाकूडकामाला पूर्ण गुण. सागाची पट्टी, कोपऱ्यांचे ४५ अंशांचे सांधे फट न ठेवता जुळलेले, काच हलत नाही. कागदाच्या बाबतीत मात्र दुकानाची नेहमीची पद्धत या प्रिंटसाठी घातक आहे. मागे हार्डबोर्ड, प्रिंट त्याला फेविकॉलनं चिकटवायची, काच थेट कागदावर, मागून तपकिरी टेप आणि बारीक खिळे. हार्डबोर्डातलं आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करतं. फेविकॉल सुटत नाही. काचेला टेकलेला कागद पावसाळ्यात काचेवरचं बाष्प शोषतो आणि रंग काचेला चिकटतो. कारागीर हुशार आहे, सांगितलं तर ऐकतो; पण सामान आपण न्यायचं आणि प्रिंट आपल्या हातानं माउंटवर बसवूनच द्यायची. कोरी प्रिंट दुकानात ठेवून येऊ नका.

सामान असं: आम्लमुक्त कापसाचा म्युझियम बोर्ड, एक मागे आणि एक खिडकी कापायला, खिडकी प्रिंटपेक्षा चारही बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर मोठी, म्हणजे कडा आणि शिक्का दिसतो. काच आणि कागद यांत निदान ५ मिलिमीटर अंतर राहील अशी स्पेसरची पट्टी. सर्वांत मागे हार्डबोर्डाऐवजी सनपॅकची (नालीदार प्लास्टिकची) शीट. ती साइनबोर्डवाल्यांकडे मिळते आणि ओल धरत नाही. कडेच्या सांध्यांना अॅल्युमिनियमची टेप. अतिनील किरण अडवणारी काच मागवावी लागते, पण अभ्रकाच्या प्रिंटला काचच हवी: साध्या अॅक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि सुटे कण ओढून घेते. कुनिसादाला अॅक्रिलिक चालतं, हलकंही पडतं.

प्रिंट बसवायची ती वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांवर. कोझो कागदाच्या अडीच सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या, कात्रीनं न कापता ओल्या रेषेवर फाडलेल्या, म्हणजे कड मऊ राहते. पट्टीचा ५ मिलिमीटर भाग प्रिंटच्या पाठीला, उरलेला बोर्डाला, आणि त्यावर आडवी दुसरी पट्टी. खळ शुद्ध गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, अर्धपारदर्शक होईपर्यंत; थंड झाल्यावर गाळून घ्या. कुरडयांचा चीक वापरायचा मोह होईल, तो टाळा. आंबवलेला असल्यानं तो आम्लधर्मी असतो, त्यात ग्लुटेनही उरतं, आणि बुरशी नेमकी त्यालाच धरते. खळ अगदी कमी लावा, वर टीपकागद आणि वजन ठेवून तासभर वाळू द्या. खालची कड मोकळी सोडायची. नाशिकचा मे कोरडा आणि जुलै दमट; कागद आकसतो, फुगतो. चारही बाजूंनी जखडला तर लहरी पडतात.

भिंत निवडताना पश्चिमेची बाहेरची भिंत आणि गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतल्या ओल धरणाऱ्या भिंती सोडून द्या. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, मागून हवा खेळते. उजेड ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं एकक). खिडकीसमोरची जागा कितीही शोभली तरी नको. कुनिसादा वर्षातून तीन-चार महिनेच भिंतीवर ठेवा, उरलेला काळ आम्लमुक्त फोल्डरमध्ये सपाट. एदोबेईचे आजचे रंग जास्त टिकाऊ आहेत, तो जास्त काळ लावला तरी चालेल.

गोदावरीला पूर येऊन तिच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागतं त्या दिवसांत खोलीत आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ टक्क्यांवर रेंगाळला तर बुरशीची तयारी सुरू झाली असं समजा. पंखा लावा, चौकट भिंतीवरून उतरवून आतल्या खोलीत उभी ठेवा, कपाटात कोंडू नका. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, मागची टेप काढून एकदा आत पाहा: कुबट वास, तपकिरी ठिपके, कसरीनं खरवडलेल्या जागा. ठिपके दिसले तर पुसू नका आणि उन्हातही ठेवू नका. प्रिंट बिजागरीवरून सोडवा, टीपकागदात सपाट ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. बिजागरी थोड्या पाण्यानं सुटते. फेविकॉलनं चिकटवलेल्या प्रिंटला ही सोय उरत नाही.